जुना फोन द्यायचा तरी कुठे? किलोमागे २२ रुपयांचं भांडण आणि तुमचा ड्रॉवर

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. मी पुण्यात, आई-बाबा सांगलीला. घरी साफसफाई चालली होती. फोनवर आई सहज म्हणाली, "अरे, माळ्यावरचा तुझा कॉलेजचा लॅपटॉप आणि तो जुना डबा टीव्ही देऊन टाकला भंगारवाल्याला. दोन्हीचे मिळून साडेसहाशे दिले त्याने. उगाच जागा अडवून बसले होते."

मी दोन सेकंद गप्प. त्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कमध्ये बाबांच्या आधार-पॅनचे स्कॅन होते, माझ्या एज्युकेशन लोनची कागदपत्रं होती, बँक स्टेटमेंट्स होती. दिवसभर लोकांचा डेटा सुरक्षित राहावा म्हणून कोड लिहिणारा मी, आणि घरचा डेटा हातगाडीवर बसून निघून गेला होता.

आईची यात काही चूक नाही. तिने आधी मला "मग कुठे देऊ?" असं विचारलं असतं, तर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. ते शोधायला बसलो तेव्हा कळलं की हा प्रश्न फक्त आपल्या माळ्याचा नाही. त्यावरून सध्या मोठमोठ्या कंपन्या आणि सरकार कोर्टात भांडतायत.

कायदा काय म्हणतो?

भारतात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. आधीच्या नियमांत २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०० पेक्षा जास्त आहेत. फोन, टीव्ही, फ्रिज, मिक्सर, प्रिंटर, सगळं आलं त्यात.

नियमाचा गाभा एका शब्दात आहे: ईपीआर. म्हणजे वस्तू विकली की कंपनीची जबाबदारी संपत नाही, तिच्या कचऱ्याचीही जबाबदारी कंपनीचीच. त्या वस्तूचं सरासरी आयुष्य जितकी वर्षं, तितक्या वर्षांपूर्वी कंपनीने बाजारात जेवढा माल आणला, त्याच्या ठरावीक टक्के वजनाचं रिसायकलिंग तिने दाखवायचं. २०२५-२६ साठी हे प्रमाण ७० टक्के आहे, २०२७-२८ पासून ८० टक्के.

आता गंमत बघा. कंपनीने तुमच्याच घरातला टीव्ही परत न्यायला हवा असं नाही. नोंदणीकृत रिसायकलर कुठूनही माल गोळा करतो, त्यातून सोनं, तांबं, लोखंड, ॲल्युमिनियम काढतो आणि त्या हिशोबाने सर्टिफिकेट तयार होतं. कंपनी ते विकत घेते. शेअर बाजारासारखाच हा सर्टिफिकेटांचा बाजार.

मग भांडण कशाचं?

बाजार म्हटला की भाव आला. कंपनीला सर्टिफिकेट स्वस्तात हवं. पण ते जितकं स्वस्त, तितकं ते नुसतं कागदावरचं असण्याची शक्यता जास्त. प्लास्टिकच्या बाबतीत हे झालेलं आहे. २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत सहा लाखांच्या आसपास बनावट सर्टिफिकेटं सापडली होती. प्लास्टिक कुणी रिसायकल केलंच नव्हतं, विकला गेला तो फक्त कागद.

म्हणून २०२४ मध्ये सरकारने ई-कचऱ्यासाठी किमान भाव ठरवला: घरगुती इलेक्ट्रॉनिक्ससाठी किलोमागे २२ रुपये, स्मार्टफोनसाठी ३४ रुपये. त्याखाली रिसायकलरला पैसे द्यायचे नाहीत.

कंपन्यांचं म्हणणं, हा भाव आधीपेक्षा कितीतरी पट जास्त आहे आणि दोन खासगी पार्ट्यांमधला व्यवहार सरकार ठरवू शकत नाही. डाइकिन, हिताची, सॅमसंग, एलजी अशा कंपन्या याविरोधात दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. सरकारचं म्हणणं, किमान भाव नसेल तर नीट काम करणारे रिसायकलर टिकणारच नाहीत.

मला दोन्ही बाजू समजतात. भाव वाढला तर तो कधीतरी एसीच्या बिलात आपल्याकडूनच वसूल होणार. पण दुसरीकडे, काम करायचा खर्च भागला नाही तर कुणीतरी ते काम न करताच केल्याचं दाखवणार. सॉफ्टवेअरमध्ये टेस्टिंगचं बजेट कापलं की काय होतं, ते मी रोज बघतो. रिपोर्ट हिरवागार असतो आणि ॲप बंद पडलेलं असतं.

तुमच्या फोनचा हिशोब

आता हा २२-३४ रुपयांचा आकडा घरापर्यंत आणू. चाळीस किलोच्या एसीचे होतात ८८० रुपये. ठीक आहे, टेम्पो पाठवायला परवडू शकतं. पण फोनचं वजन साधारण २०० ग्रॅम. ३४ रुपये किलोने हिशोब केला तर ६ रुपये ८० पैसे! आतल्या धातूंचे थोडे पैसे वेगळे मिळतील, पण एका फोनसाठी तुमच्या दारात माणूस पाठवायचा तर पेट्रोलच त्याहून महाग.

माझ्या मते सगळ्या गोष्टीची मेख इथे आहे. कायद्यात कंपनी आहे, रिसायकलर आहे. पण तुमच्या ड्रॉवरपासून रिसायकलरच्या गेटपर्यंतचा रस्ता कोण चालणार, याचा पैसा नीट कुणाच्याच खिशातून येत नाही. तो रस्ता आज चालतो फक्त भंगारवाला. दारात येतो, रोख पैसे देतो, फॉर्म भरायला लावत नाही.

म्हणून त्याला व्हिलन ठरवणं मला पटत नाही. अडचण त्याच्यानंतर सुरू होते. माल दिल्लीचं सीलमपूर, मुरादाबाद अशा ठिकाणी पोचतो. तिथे तांब्यासाठी वायरी जाळतात, सोन्यासाठी सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात, तेही उघड्या हातांनी. जुन्या डबा टीव्हीच्या काचेत शिसं असतं. तांब्याची कॉइल काढून ती काच कुठेतरी फेकली जाते. एसी-फ्रिजची नळी कापली की गॅस थेट हवेत. आर-२२ हा जुन्या एसीतला एक किलो गॅस साधारण १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरून ठेवतो.

आणि डेटाचं काय? ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगणातल्या रामगुंडम पोलिसांनी गावोगाव जुने फोन गोळा करणाऱ्यांना पकडलं. त्यांच्याकडे सुमारे ४,००० फोन होते. पोलिसांच्या म्हणण्यानुसार ते सायबर फसवणूक करणाऱ्यांकडे जाणार होते. तुमचा बंद फोन दुसऱ्याच्या गुन्ह्यात वापरला जाणं ही आता कल्पना राहिलेली नाही.

दान करतोय की आपला कचरा दुसऱ्याला देतोय?

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. तीन वर्षांपूर्वी मी गावाकडच्या एका शाळेला जुना लॅपटॉप दिला. फोटो काढला, स्टेटस ठेवलं. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तो कपाटात होता. बॅटरी मेलेली, चार्जरची पिन सैल. मुख्याध्यापक सर म्हणाले, "दुरुस्तीला सातारला न्यायचा तर खर्च कोण करणार?" मी शाळेला लॅपटॉप दिला नव्हता, माझी अडगळ दिली होती.

आता हा मुद्दा आणखी महत्त्वाचा झालाय. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. वर्षभराची मुदतवाढ मिळते, पण ती वेगळी घ्यावी लागते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे चांगले चालणारे कितीतरी लॅपटॉप आता "दान" व्हायला निघणार.

दान करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे मी उद्या सकाळी माझ्या धाकट्या बहिणीला वापरायला देईन का? उत्तर हो असेल तर बॅटरी बघा, चार्जर सोबत द्या, विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स मिंट टाकून द्या. उत्तर नाही असेल तर ते दान नाही, तो ई-कचरा आहे. तो रिसायकलरकडेच जायला हवा.

देण्याआधी एवढं करा

अँड्रॉइड फोन: बॅकअप घ्या, यूपीआय आणि बँकेच्या ॲपमधून बाहेर पडा, गूगल अकाउंट काढा आणि मगच सेटिंग्जमधून फॅक्टरी रीसेट करा. अकाउंट न काढता बटणं दाबून रीसेट केलात तर पुढच्या माणसाला फोन लॉक मिळतो. आयफोनवर "फाइंड माय" बंद करा. सिम आणि मेमरी कार्ड काढायला विसरू नका.

लॅपटॉप: विंडोजच्या रीसेटमध्ये ड्राइव्ह पूर्ण साफ करायचा पर्याय निवडा. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामा करणं म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तिथेच असतात. लॅपटॉप सुरूच होत नसेल तर चार स्क्रू काढून डिस्क घरी ठेवा.

फुगलेली बॅटरी: चार्ज करू नका, टोचू नका, इतर सामानात टाकू नका. वेगळी ठेवून सर्व्हिस सेंटरला द्या.

मग द्यायचं कुठे?

नोंदणीकृत रिसायकलरची राज्यवार यादी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वेबसाइटवर आहे. बहुतेक मोठ्या ब्रँडच्या साइटवर अगदी तळाला ई-वेस्टची लिंक आणि फोन नंबर असतो. पुण्यात कचरावेचकांची स्वच्छ ही सहकारी संस्थाही ई-कचरा गोळा करते. तो रस्ता मला सगळ्यात आवडतो, कारण दारापर्यंत येणारा माणूस त्यात बाजूला पडत नाही.

मी एका रिसायकलरला फोन लावला होता. पहिला प्रश्न आला, "वजन किती?" दोन फोन आणि एक राउटर म्हटल्यावर पलीकडचा माणूस हसला. मग मी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि वॉचमन काकांच्या केबिनशेजारी एक मोठं खोकं ठेवलं. तीन रविवारांत चाळीस घरांतून दोन मायक्रोवेव्ह, एक वॉशिंग मशीन, सात कीबोर्ड आणि मोजता येणार नाहीत इतके चार्जर जमले. चौथ्या आठवड्यात तोच माणूस टेम्पो घेऊन आला, वजन केलं, पावती दिली.

२२ रुपयांचा निकाल कोर्टात लागेल तेव्हा लागेल. तोवर एका घराचा फोन न्यायला कुणी येणार नाही, चाळीस घरांचं खोकं न्यायला येतात. आईलाही तेच सांगितलंय. यंदा दिवाळीत सांगलीच्या आमच्या गल्लीतलं सामान एकत्र करायचं ठरलंय. यादी ती करणार आहे, डिस्क मी काढणार आहे.