खिशातला भोंगा

मोबाईलने जीव नकोसा केला आहे, ही तक्रार आज शहरातील कचेरीपासून खेड्यातील पारापर्यंत सर्वत्र ऐकू येते. जेवणाच्या ताटावर तो वाजतो, अंथरुणाला पाठ टेकल्यावर वाजतो. घरात चार माणसे असली तर चौघांच्या माना चार पडद्यांवर वाकलेल्या असतात. मूल हातातले यंत्र सोडीत नाही आणि त्याच्यावर रागावणाऱ्या बापाला स्वतःचे सुटत नाही. ही तक्रार खरी आहे. परंतु वृत्तपत्रांचे सल्लागार आणि प्रवचनकार तिच्यावर जो उपाय सुचवितात, तो फसवा आहे. मन आवरा, आठवड्यातून एक दिवस मोबाईलचा उपवास करा, असे ते सांगतात. म्हणजे दोष सारा माणसाच्या दुबळ्या मनाचा. ज्याने ते यंत्र हाती दिले आणि ज्याने ते बंद करण्यास मनाई केली, तो मात्र नामानिराळा! उपवास करण्यासाठीदेखील तशी मुभा असावी लागते. ज्याची हजेरी, मजुरी आणि पोषण आहार मोबाईलवर टांगलेला आहे, त्याला ही मुभा नाही. म्हणूनच हा प्रश्न मनोनिग्रहाचा नसून श्रमिकाच्या वेळेवर मालकी कोणाची, हा आहे.

हा प्रश्न आपल्या देशातील कामगारवर्गाला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावात कामगाराचा दिवस भोंग्याने सुरू होई आणि भोंग्यानेच संपे. आठवड्याला एक दिवसही स्वतःचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी सभा घेतल्या, अर्ज केले, चळवळ केली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. आज मध्यमवर्गीय माणूस रविवार हा जणू पंचांगातच लिहून आलेला दिवस समजतो. तो गिरणी कामगारांनी लढून मिळविलेला आहे.

पुढचा अध्याय अधिक बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की काम थांबत असे. निसर्गानेच कामाच्या दिवसाला एक मर्यादा घालून दिली होती. दिवे लागताच मालकांनी ती मर्यादा मोडली आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत ताणला. कामगारांनी त्याविरुद्ध उठाव केले. १९११ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये ती ११ तासांवर आणि १९३४ मध्ये १० तासांवर आली. १९४६ मध्ये दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तास ठरले आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने तेच कायम केले. दिवा कामगाराचा शत्रू नव्हता. त्याच दिव्याखाली कामगाराची मुले अभ्यास करू शकत होती. दिव्याचा उपयोग कोण कोणासाठी करतो, एवढाच प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर दिवा विझवून नव्हे, तर कामाच्या तासांना मर्यादा घालून मिळाले.

आजचा मोबाईल हा त्या विजेच्या दिव्याचा वारस आहे आणि भोंग्याचाही. फरक एवढाच की, गिरणीचा भोंगा फाटकाबाहेर हुकूम गाजवू शकत नव्हता. हा भोंगा कामगाराच्या खिशात बसून घरात शिरला आहे, आणि तो खरेदी करण्याचा, भरवण्याचा व दुरुस्त करण्याचा खर्चही बहुधा कामगारानेच सोसावयाचा आहे.

अंगणवाडीचे उदाहरण घ्या. केंद्र सरकारने १ मार्च २०२१ रोजी ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप सुरू केले. बालकांची वजने, उंची, हजेरी, आहारवाटप ही सारी माहिती त्यात भरण्याचे काम सेविकांवर आले. महाराष्ट्रात सेविकांना दिलेले मोबाईल तापत, बंद पडत; त्यांची स्मरणक्षमता त्या अ‍ॅपला पुरेना; दुरुस्तीचा भुर्दंड सेविकांच्या माथी पडे आणि अ‍ॅपची भाषा इंग्रजी! ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातील हजारो सेविकांनी मोर्चे काढून ते मोबाईल प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. यंत्रविरोधाचा शिक्का त्यांच्यावर कोणी मारू नये. त्यांचे म्हणणे सरळ होते: चालणारे यंत्र द्या, आमच्या भाषेत द्या आणि त्याचा खर्च तुम्ही करा.

त्यानंतर सक्ती सैल झाली नाही, उलट वाढली. १ जुलै २०२५ पासून घरी न्यावयाचा पोषण आहार देण्यापूर्वी लाभार्थ्याचा चेहरा अ‍ॅपवर पडताळणे बंधनकारक करण्यात आले. आधारजोडणी करावयाची तर ओटीपी येतो तो घरातील मोबाईलवर, आणि तो मोबाईल पुष्कळदा दूरच्या शहरात मजुरीला गेलेल्या नवऱ्याच्या खिशात असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण देशात अवघे ५४ टक्के होते. म्हणजे भूक गरोदर बाईची आणि तिची किल्ली दुसऱ्याच्या हाती. आहार न मिळाल्याचा राग मात्र दारात उभ्या असलेल्या सेविकेवर निघतो. ज्या सेविकेला सरकार कर्मचारी मानावयास तयार नाही आणि जिच्या हातावर वेतन नव्हे, मानधन ठेवते, तिच्यावर नजर ठेवण्याचा अधिकार मात्र ते दिवसभर गाजविते.

ग्रामीण रोजगार हमीच्या कामांवर हेच घडले. १ जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवरील मजुरांची हजेरी मोबाईल अ‍ॅपवर, दिवसातून दोनदा छायाचित्र काढून नोंदविण्याची सक्ती झाली. कागदी मस्टरमध्ये भ्रष्टाचार होतो, असे कारण देण्यात आले. परिणाम काय झाला? रोजगार हमीची मजुरी झालेल्या कामाच्या मापावर ठरते. उन्हाळ्यात पहाटे येऊन, नेमलेली माती खोदून उन्हाआधी घरी परतणाऱ्या बाईला दुसऱ्या छायाचित्रासाठी दुपारपर्यंत तेथेच थांबावे लागू लागले. रेंज नसली की हजेरी नाही, आणि हजेरी नाही तर घाम गाळूनही मजुरी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाच्या अनेक राज्यांतील मजुरांनी दिल्लीत जंतरमंतरवर १०० दिवसांचे धरणे सुरू केले, त्यात ही सक्ती रद्द करण्याची मागणी अग्रभागी होती. भ्रष्टाचार तरी थांबला काय? खुद्द केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच जुलै २०२५ मध्ये राज्यांना कळवावे लागले की, छायाचित्राचे छायाचित्र काढून, एकच छायाचित्र अनेक कामांवर लावून हजेऱ्या भरल्या जात आहेत. चोराला यंत्राने अडविले नाही. अडविले ते कष्ट करणाऱ्याला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. परंतु मजुराला मोबाईल आणि बायोमेट्रिकच्या पहाऱ्यात ठेवण्याची दिशा त्यातही कायम आहे.

शहरांत याच पहाऱ्याचे रूप अधिक गुळगुळीत आहे. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लक्ष गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लक्षांवर जाईल असा अंदाज आहे. घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या तरुणाला मुकादम दिसत नाही. त्याचा मुकादम मोबाईलमध्ये असतो. काम तोच वाटतो, दर तोच ठरवितो, दंड तोच करतो आणि एके दिवशी ‘आयडी’ बंद करून कामावरून काढून टाकतो तोही तोच. दाद मागावयाची तर समोर माणूस नाही. तरीही २५ आणि ३१ डिसेंबर २०२५ रोजी या कामगारांच्या संघटनांनी देशव्यापी संपाची हाक दिली, ही लक्षणीय गोष्ट आहे. कामगारांना एकेकटे पाडण्यासाठी वापरलेले अ‍ॅप बंद ठेवणे हेच त्यांनी संपाचे हत्यार केले. कचेरीतील पांढरपेशा नोकरदाराची अवस्था तत्त्वतः निराळी नाही. साहेबाने काढलेल्या ग्रुपवर रात्री दहाला आलेला आदेश हा जादा कामच होय. फक्त त्याचा मोबदला नाही आणि नोंदही नाही.

कामाचे तास संपल्यावर जी विश्रांती उरते, तीही आता बाजारात मांडली गेली आहे. मोठमोठ्या समाजमाध्यम कंपन्यांचे उत्पन्न बहुतांशी जाहिरातींचे आहे. जितका वेळ माणसाची नजर पडद्यावर, तितक्या जाहिराती अधिक, तितका नफा अधिक. न संपणारी चित्रांची रांग, सतत येणाऱ्या सूचना ही सारी योजना त्याच हिशेबाने केलेली असते. थकून आलेला कामगार जे सुटत नाही म्हणून स्वतःला दोष देतो, ते सुटू नये म्हणून पगारी तज्ज्ञांचे ताफे राबत असतात. आणि हे यंत्र बनविणारे हात कोणाचे? डिसेंबर २०२० मध्ये कर्नाटकातील कोलार जिल्ह्यात नरसापूर येथील विस्ट्रॉनच्या कारखान्यात थकलेल्या वेतनावरून कामगारांचा उद्रेक झाला. डिसेंबर २०२१ मध्ये तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूरजवळ फॉक्सकॉनच्या कारखान्यातील कामगार स्त्रिया वसतिगृहातील निकृष्ट अन्नाने आजारी पडल्यावर महामार्गावर उतरल्या. दोन्ही ठिकाणी बनत होता तो जगातील सर्वांत महागड्यांपैकी एक मोबाईल.

यावरून मोबाईल हे सैतानाचे यंत्र आहे, असा निष्कर्ष जर कोणी काढील तर ती घोडचूक ठरेल. मुलींच्या हाती मोबाईल नको, असे फतवे काढणाऱ्या जातपंचायतींच्या पंक्तीला आपण बसू शकत नाही. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने, वसतिगृहातील मुलीला मोबाईल वापरू न देणे हा तिच्या शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्कावर घाला आहे, असा निर्णय दिला, तो योग्यच होय. मुलुख सोडून गेलेल्या मजुराला घरच्यांचा चेहरा याच यंत्रात दिसतो. अत्याचाराचे चित्रण करून जगापुढे मांडणारा दलित तरुणही हेच यंत्र वापरतो. राज्यकर्त्यांना याची जाणीव आहे. म्हणूनच ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मिरात, जानेवारी २०२१ मध्ये शेतकरी आंदोलनाच्या वेळी दिल्लीच्या सीमांवर आणि मे २०२३ पासून मणिपुरात इंटरनेट बंद करण्यात आले. श्रमिकाला आपला एक मोबाईल तासभर बंद ठेवण्याची मुभा नाही. सरकार मात्र हुकमाच्या एका कागदाने अख्खे राज्य बंद ठेवू शकते. यंत्र कोणाच्या ताब्यात आहे, हे याहून स्पष्ट कशाने होणार?

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक साधी गोष्ट केली. सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतील दूरचित्रवाणी व मोबाईल बंद राहतात. मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात, बोलतात. एकट्यादुकट्याच्या मनोनिग्रहाने जे साधले नाही ते ग्रामसभेच्या निर्णयाने साधले. सर्वांनी एकदम बंद ठेवले की कोणाचेच काही बुडत नाही, हे त्यामागील इंगित आहे, आणि संपाचेही इंगित तेच आहे. परंतु गावाच्या भोंग्यालाही मर्यादा आहेत. साहेबाचा फोन, अ‍ॅपवरील हजेरी, कंपनीचा दंड यांना तो थोपवू शकत नाही. तेथे कायदाच हवा.

कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून कायद्यात आला. आपल्या लोकसभेत या आशयाचे खासगी विधेयक २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले गेले. सरकारने त्याला हात लावलेला नाही. उलट महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील कामाची दैनिक मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. १९११ चा आकडा शंभराहून अधिक वर्षांनी परत आला आहे!

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. मोबाईल, ओटीपी वा चेहऱ्याची पडताळणी नाही म्हणून कोणाचीही मजुरी, शिधा वा पोषण आहार अडता कामा नये. कागदी नोंदीचा व प्रत्यक्ष अधिकाऱ्याचा पर्याय सर्वत्र खुला राहिला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग ठरविला आहे. ज्यांना त्या सेवा दुर्गम आहेत त्यांचा बोजा सरकारने उचलणे हा त्याचा सरळ अर्थ होय. कामासाठी लागणारे यंत्र, रिचार्ज व दुरुस्ती यांचा खर्च मालकाने वा सरकारने द्यावा. कामाच्या वेळेनंतरचा आदेश जादा काम मानून त्याचा मोबदला मिळावा आणि तो नाकारल्याबद्दल कोणालाही शिक्षा होऊ नये. अ‍ॅपने काम वाटण्याचे व दंडाचे नियम कामगारांपुढे उघड व्हावेत आणि माणसासमोर दाद मागितल्याखेरीज कोणाचा ‘आयडी’ बंद होऊ नये.

या मागण्या इंदूर, सुरत, बेळगाव वा हैदराबादेतील आपल्या शाखांना तितक्याच लागू आहेत जितक्या मुंबई-नागपूरला. अंगणवाडीत, रोजगार हमीच्या कामावर, पार्सल घेऊन उभ्या असलेल्या तरुणांच्या घोळक्यात जाऊन त्या समजावून सांगितल्या पाहिजेत. ग्रुपवर संदेश टाकणे म्हणजे संघटना बांधणे नव्हे. गिरणी कामगारांनी रविवार मिळविला तो चाळीचाळींत, खोलीखोलीत बसून, एकमेकांच्या तोंडाकडे पाहून बोलल्याने. त्या बैठकांना आजही पर्याय नाही. मोबाईलवरील वैताग आज घरोघरी आहे. तो स्वतःवर न काढता योग्य ठिकाणी कसा काढावा, हे सांगण्याचे काम आपले आहे.