जाते क्षणात, येते टपालाने

माकुणसार, केळवे, सफाळे या पट्ट्यातील मतदार मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन यंत्राचे बटण दाबतो. पण याच गावांतून सैन्यदलात गेलेला आणि सीमेवर, युद्धनौकेवर किंवा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून दक्षिण सुदानमध्ये असलेला मतदार मात्र आजही लिफाफ्याच्या भरवशावर आहे. कायद्याच्या भाषेत तो ‘सेवा मतदार’, म्हणजे नोकरीमुळे परगावी असूनही ज्याचे नाव मूळ गावच्या यादीच्या शेवटच्या भागात राहते असा मतदार होय. केंद्रीय सशस्त्र दले, राज्याबाहेर नेमलेले सशस्त्र पोलीस आणि परदेशातील वकिलातींचे कर्मचारीही याच वर्गात येतात. त्यामुळे तारापूर अणुऊर्जा केंद्राच्या पहाऱ्यावरील परप्रांतीय जवानाचे मत बोईसरहून त्याच्या गावी जाते, तेव्हा तेही याच वाटेने जाते.

ही वाट निम्मी रुंद झाली, ती २०१६ मध्ये. निवडणूक नियमांतील दुरुस्तीनंतर कोरी मतपत्रिका सुरक्षित संगणकीय प्रणालीतून पाठवण्याची सोय झाली, आणि पुण्याच्या सी-डॅकच्या साहाय्याने उभारलेल्या या व्यवस्थेला ‘ईटीपीबीएस’ हे नाव मिळाले. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत सेवा मतदारांचे मतदान जेमतेम ४ टक्के होते, ते २०१९ मध्ये ६० टक्क्यांवर गेले. सुमारे १८ लाख नोंदणीकृत मतदारांपैकी १०.८४ लाखांची मते परत आली. यश निर्विवाद आहे, पण उरलेल्या ४० टक्क्यांचे काय, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

कारण परतीचा प्रवास कागदाचाच आहे. जवानाने मतपत्रिका छापून घ्यायची, खूण करून आतल्या लिफाफ्यात बंद करायची, सोबतच्या १३-अ या घोषणापत्रावर सही करून ती अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायची आणि दोन्ही बाहेरच्या लिफाफ्यात घालून टपालात टाकायचे. मतमोजणीच्या टेबलावर प्रथम बाहेरच्या लिफाफ्यावरचा क्यूआर संकेत तपासला जातो, मग घोषणापत्र पाहिले जाते. साक्षांकन राहिले असेल किंवा अनुक्रमांक जुळत नसेल, तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद होते. मोजणीच्या दिवशी सकाळी आठनंतर आलेला लिफाफा तर हिशेबातच धरला जात नाही.

अशी मते किरकोळ असतात, हा समज वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघाने २०२४ मध्ये खोटा ठरवला. तेथे यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते आणि टपाली मतांच्या बळावर रवींद्र वायकर ४८ मतांनी निवडून आले. त्या टपाली मतांत निवडणूक कर्मचारी आणि वयोवृद्ध मतदारही होते हे खरे, पण बाद ठरलेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या.

परतीचे मतही संगणकावरून का घेऊ नये, असे सहज विचारले जाते. एस्टोनियाने २००५ पासून ते केले आहे. उलट अमेरिकेने परदेशस्थ सैनिकांसाठी आखलेला ‘सर्व्ह’ हा प्रयोग सुरक्षेच्या शंकेमुळे २००४ मध्ये गुंडाळला. जेथे वरिष्ठाच्या हुकमावर सारे चालते, तेथे गुप्ततेची हमी पडद्यापेक्षा बंद लिफाफाच अधिक देतो, त्यामुळे येथे घाई नसलेलीच बरी. अमेरिकेने पुढे वेगळा मार्ग धरला, आणि तो अधिक अनुकरणीय आहे: २००९ च्या कायद्याने संघीय निवडणुकीची मतपत्रिका परदेशस्थ सैनिकांना मतदानाच्या किमान ४५ दिवस आधी पाठवणे बंधनकारक केले.

आपल्याकडे १९९६ च्या दुरुस्तीने अर्ज माघारी आणि मतदान यांतील किमान अंतर २० दिवसांवरून १४ वर आणले. मतपत्रिका छापायची ती माघारीनंतरच, म्हणून या कपातीचा भार सर्वाधिक दूरच्या मतदारावर पडला. २०२४ च्या लोकसभेला पालघरमध्ये माघारी ६ मे रोजी आणि मोजणी ४ जूनला झाली, म्हणजे २९ दिवस मिळाले. त्याच वर्षी विधानसभेला ४ ते २३ नोव्हेंबर असे अवघे १९. त्यात छपाई, साक्षांकन, सैनिकी टपाल आणि मग पालघरचा टप्पा! व्यापारी जहाजांवरील खलाशांना तर हेही दार उघडलेले नाही; तो स्वतंत्र अन्याय आहे. किमान अंतर पुन्हा २० दिवस करायला संसदेची दुरुस्ती लागेल. पण १४ ही कमीत कमी मर्यादा आहे, ती ओलांडण्यास निवडणूक आयोगाला कोणी अडवलेले नाही, आणि विधानसभेच्या वेळापत्रकात मतदान व मोजणी यांत तीनऐवजी दहा दिवस ठेवायलाही नवा कायदा लागत नाही.