एका कानाला अचानक दडे बसले तर

सकाळी झोपेतून उठावे आणि एका कानाला दडे बसल्यासारखे वाटावे. फोन नेहमीच्या कानाला लावावा, तर पलीकडचे बोलणे ऐकूच येऊ नये. अशा वेळी आपण काय करता? मळ साचला असेल असे म्हणून लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडता आणि आठवडाभर वाट पाहता.

आपल्यालाच दोष कशाला देऊ? व्यवसायाच्या आरंभीच्या वर्षांत हीच चूक माझ्या हातून घडली आहे. अशीच तक्रार घेऊन आलेल्या एका निवृत्त शिक्षकांच्या कानात मला थोडा मळ दिसला. मी थेंब लिहून दिले. ते आले तीन आठवड्यांनी. मळ गेला होता, ऐकू मात्र येत नव्हते, आणि पुढेही आले नाही. वेळेवर औषध मिळते तर ते बरे झालेच असते, असे म्हणता येणार नाही; पण ती संधी माझ्यामुळे हुकली.

तीन दिवसांच्या आत ओढवणारे हे बहिरेपण बहुधा अंतःकर्णाचे असते. दहांपैकी नऊ जणांत त्याचे निश्चित कारण सापडत नाही. तोंड मिटून हुंकार भरून पाहा. तो बिघडलेल्या कानात मोठा वाटला, तर मळ वा मधल्या कानातील अडथळा संभवतो. चांगल्या कानात मोठा वाटला, तर अंतःकर्णाची शंका घ्यावी. दवाखान्यात आम्ही नादकाट्याने हेच पाहतो. अर्थात हा केवळ अंदाज. कौल कोणताही आला तरी त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसातज्ज्ञांकडून ऑडिओमेट्री करून घ्यावी.

मुख्य औषध म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या पहिल्या दोन आठवड्यांत, जितक्या लवकर तितक्या उपयोगी. मधुमेहींची साखर त्यांनी वाढते, म्हणून ती नियमित तपासावी लागते. किंवा तेच औषध पडद्यातून मधल्या कानात टोचतात. गोळ्यांनी गुण आला नाही, तरी हा मार्ग उरतो. श्रवणाच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहण्यासाठी एमआरआय सांगतात. त्याने घाबरून जाऊ नये. काहींचे ऐकणे आपोआपही सुधारते, परंतु कोणाचे, हे आधी कळत नाही.

घरातील वडीलधारी माणसे कानाची तक्रार सहसा बोलून दाखवीत नाहीत. त्यांना चक्करही येत असेल, तर न्हाणीघरात एकटे सोडू नका. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे यांपैकी काही दिसले, तर तो पक्षाघात असू शकतो. माझ्याकडेही न येता थेट मोठे रुग्णालय गाठा.