दुरुस्ती कोणी करायची?

लिनक्स या संगणक-प्रणालीतील ‘पीकेएक्झेक’ या साधनात २००९ पासून दडलेला दोष जानेवारी २०२२ मध्ये उघडकीस आला. सामान्य वापरकर्त्याला त्यायोगे यंत्राचे सर्वाधिकार बळकावता येत होते; ग्रंथालयात वाचावयास आलेल्याच्या हाती तिजोरीची किल्ली पडावी, तसाच हा प्रकार! दुरुस्ती तत्काळ आणि विनामूल्य उपलब्ध झाली. तथापि उपलब्ध दुरुस्ती म्हणजे झालेली दुरुस्ती नव्हे. प्रत्येक यंत्रावर ती कोणीतरी बसवावी लागते. तोवर त्या साधनाचा विशेषाधिकार कोणीतरी काढून घ्यावा लागतो. हा ‘कोणीतरी’ कोण, हे किती महाविद्यालयांनी व कार्यालयांनी निश्चित केले आहे? यंत्रखरेदीसाठी अनुदान मागणाऱ्यांनी देखभालीसाठी पद व तरतूदही मागितली पाहिजे. फुकट मिळालेल्या वस्तूची देखभाल फुकट होत नसते.