रिकाम्या मजल्यावर कुणाचा हक्क?

घरून कामाची चर्चा आपल्याकडे अजून शिस्तीच्या अंगानेच चालते: माणूस घरी खरेच काम करतो की टंगळमंगळ? अभ्यासांनी याची दोन्ही उत्तरे दिली आहेत. चेन्नईत डेटा एंट्रीसाठी नव्याने घेतलेल्यांवर प्रयोग झाला, तेव्हा घरून काम करणाऱ्यांची उत्पादकता १८ टक्क्यांनी कमी भरली. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉमने १,६१२ कर्मचाऱ्यांवर आठवड्यातून दोन दिवस घरून कामाचा प्रयोग केला. त्यात बढत्यांवर परिणाम झाला नाही आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाने घटले. नवख्याला शेजारी कुणी अनुभवी बसलेला लागतो, मुरलेल्याला तीन दिवसांचे कार्यालय पुरते, असा मला त्याचा अर्थ दिसतो. म्हणजे कार्यालये ओस पडणार नाहीत, आणि पूर्वीसारखी रोज भरणारही नाहीत. कंपन्यांचे धोरण दोन्हीकडे हेलकावे खाते. २०२५ पर्यंत एका वेळी जेमतेम २५ टक्के लोक कार्यालयात लागतील, असे टीसीएसने २०२० मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये पाचही दिवस हजर राहायला सांगितले.

इमारतीला असे हेलकावे झेपत नाहीत. हिंजवडी, खराडी, ऐरोली इथल्या आयटी विशेष आर्थिक क्षेत्रांचे, म्हणजे सेझचे, उदाहरण घ्या. २००५ च्या कायद्यानुसार सेझ म्हणजे सीमाशुल्कापुरती परकी भूमी. भोवती कुंपण, ठरावीक फाटके. लॅपटॉप बाहेर न्यायचा तरी नियमाचा आधार हवा. जुलै २०२२ मध्ये सेझच्या नियमांत ४३अ हा नियम घालून निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून कामाची मुभा दिली गेली आणि त्याच डिसेंबरात ती सर्वांना खुली झाली. या सेझमधले मजले रिकामे पडले, पण त्याचे खापर एकट्या घरून कामावर फोडता येणार नाही. नव्या युनिटांसाठीची प्राप्तिकराची सवलत २०२० मध्येच संपली होती. ज्या आमिषावर हे मजले उभे राहिले ते आधीच गेले होते. मग डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने वाट काढली: घेतलेल्या करसवलती परत करा आणि रिकामा भाग सेझबाहेरच्या भाडेकरूला द्या. अट एवढीच की पूर्ण मजला मोकळा करायचा, मजल्याचा तुकडा नाही.

मालकाची सोय झाली. माझा प्रश्न पुढचा आहे. पगारदाराचा पगार घरी बसूनही चालू राहतो. कार्यालयाभोवती मात्र असे कितीतरी लोक आहेत ज्यांची कमाई डोक्यांच्या मोजणीवर ठरते: कॅन्टीनचा ठेकेदार, कॅबचालक, हाउसकीपिंगच्या बायका, फाटकाबाहेरचा चहा-पोह्यांचा गाडा. सोमवारी आणि शुक्रवारी मजला अर्धा भरला तर कंपनीचे काही अडत नाही. गाडेवाल्याने मात्र पहाटे किती पोहे भिजवायचे? मुंबईच्या गिरणगावात हेच मोठ्या प्रमाणावर घडले. तिथे खानावळ चालवणाऱ्या बायकांचे पोट गिरणीच्या भोंग्यावर होते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेले, आणि सातच वर्षांत गिरणी कामगारांचा संप आला. पुढे गिरण्यांच्या जमिनीचे काय करायचे याचा नियम १९९१ मध्ये झाला. त्यात पालिका आणि म्हाडा यांचा ढोबळमानाने एकेक तृतीयांश वाटा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो फक्त मोकळ्या जमिनीपुरता उरला आणि आक्रसला. त्यातून उभी राहिली ती परळची काचेची कार्यालये.

रिकाम्या होणाऱ्या आयटी मजल्यांत तरी समाजाचा वाटा राखावा, असे मला वाटते. यावर पहिला आक्षेप असा की कार्यालयांना मागणी जोरात आहे, मग रडगाणे कशाला? जागतिक कंपन्यांची १,७०० हून अधिक केंद्रे भारतात आहेत आणि ती जागा घेत आहेत, हे खरेच. पण भाडेकरार म्हणजे हजेरी नव्हे, आणि हे भाडेकरू नव्या इमारतींकडे वळले की जुनी मागे राहते. दुसरा आक्षेप, बाजारावर सोडा. हा बाजार करसवलत आणि वाढीव एफएसआय यांच्या जोरावर उभा राहिला आहे; आता परवानगी बदलताना समाजाने काही मागितले तर तो बाजारात हस्तक्षेप कसा? तिसरे म्हणणे असे की तिथे घरे करा. न्यूयॉर्कमध्ये तसे होते आहे, पण आपल्या आयटी इमारतीच्या विस्तीर्ण मजल्यात मधल्या भागात उजेड पोचत नाही, खिडक्या उघडत नाहीत आणि स्वच्छतागृहे लिफ्टजवळच एकवटलेली असतात. तिथे वन बीएचके बसवणे म्हणजे प्लंबरला कामाला लावण्याचा हमखास उपाय.

त्यापेक्षा मोकळ्या होणाऱ्या मजल्याचा ठरावीक भाग लहान भाडेकरूंसाठी राखून ठेवावा: पाळणाघर, बचत गटाचे स्वयंपाकघर, दुरुस्तीची दुकाने, दोन-चार टेबलांचे कामकक्ष. यासाठी घरांइतकी मोडतोड लागत नाही. अडचण आहे ती अधिकाराची. हिंजवडीत गाव ग्रामपंचायतीचे, पार्कचे नियोजन एमआयडीसीचे आणि मजला सेझच्या वापरातून मोकळा करण्याची मंजुरी दिल्लीतल्या सेझ मंडळाची. त्या मंडळापुढच्या अर्जात मजल्याचे क्षेत्रफळ आणि परत केलेल्या करसवलतीचा हिशेब जातो, भोवतालच्या माणसांचा नाही. एमआयडीसीने वापर बदलाच्या परवानगीत लहान गाळ्यांची अट घातली, तर मंडळाची वाट न बघताही सुरुवात करता येईल.