चौकीदाराच्या झोपडीतला दगड

लखनौच्या अमीनाबादची गजबज मागे टाकून नदीकाठी आले, की गोमती संथपणे जौनपूरकडे निघालेली दिसते. याच गोमतीच्या काठी, बनारसपासून सुमारे चौदा मैलांवर क्राखुट नावाचे खेडे होते. १९ डिसेंबर १७९८. रात्रीचे आठ वाजत आले होते. अचानक आकाशात आगीचा गोळा दिसला, गडगडाट झाला आणि जमिनीवर जड वस्तू धपाधप आदळल्या. आकाशात तर ढगाचा ठिपकाही नव्हता!

सकाळी पाहतात तो शेतात काळे दगड रुतलेले. एक दगड तर एका चौकीदाराच्या झोपडीचे छप्पर फोडून, चोपून घट्ट केलेल्या जमिनीत काही इंच घुसला होता. त्याने तो उचलून आपल्या साहेबाकडे नेला.

आकाशातून दगड पडतात असे खेडुतांनी सांगावे आणि विद्वानांनी हसावे, असा तो काळ. फ्रान्समध्ये लाव्हाझिएसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञानेही अशा एका दगडाबद्दल, हा जमिनीवरचाच, असा निर्वाळा दिला होता. पण बनारसच्या जॉन लॉइड विल्यम्स यांनी गावकऱ्यांच्या जबान्या नीट लिहून घेतल्या आणि दगडासह लंडनला धाडल्या. तेथे एडवर्ड हॉवर्ड व काउंट द बूर्नों यांनी बनारस, इंग्लंड, इटली आणि बोहेमिया येथील दगड शेजारी शेजारी ठेवून तपासले. चारही ठिकाणे एकमेकांपासून दूर, पण दगडांची घडण एकच! त्यांतल्या लोखंडाच्या कणांत निकेलही मिळाले. १८०२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि हसणारे गंभीर झाले.

बनारसच्या दगडात बूर्नों यांना बारीक गोल दाणे दिसले होते. पाषाणी अशनींची ओळख आजही प्रामुख्याने याच दाण्यांवरून पटते. त्यांना ‘काँड्रूल’ म्हणतात. ते सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचे, म्हणजे सूर्यमाला घडत होती तेव्हाचे.

मग दगडाची जात कशी ठरते? त्याचा कागदाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. लोखंड भरपूर असेल तर ‘एच’ गट, कमी असेल तर ‘एल’, त्याहून कमी असेल तर ‘एलएल’. बनारसचा दगड या शेवटच्या गटातला. पुढचा आकडा तीन ते सहा. ताज्या बुंदीच्या लाडवात प्रत्येक बुंदी वेगळी दिसते, पण लाडू मळत गेले की बुंद्या एकजीव होतात. तसेच येथे. मूळ लघुग्रहाच्या पोटात उष्णतेने दाणे जितके पुसट झाले, तितका आकडा मोठा.

सहारा किंवा थरच्या वाळवंटात सापडलेल्या दगडाचीही परीक्षा अशीच होते. फिकट वाळूवर काळा दगड चटकन नजरेत भरतो आणि कोरड्या हवेत तो सावकाश गंजतो. म्हणून वाळवंटे ही अशनींची कोठारेच! मात्र तेथे पडून राहिलेल्या दगडात लोखंड किती गंजले, हेही नोंदवावे लागते.

आपल्या महाराष्ट्रातही २२ मे २०१२ रोजी, भर दुपारी, नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे असे दगड कोसळले. तपासणीत ते ‘एल-६’ जातीचे ठरले.

उद्या आपल्याच अंगणात असा दगड पडला तर? शेंदूर फासू नका, धुऊ नका, फोडूही नका. काळी साल तशीच राहू द्या. स्वच्छ कागदात गुंडाळून वेळ आणि जागा लिहा व भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाला कळवा.

विल्यम्सच्या वृत्तांतात तो चौकीदार नुसता चौकीदारच राहिला. पण फुटक्या छपराचे दुःख बाजूला ठेवून त्याने दगड जपला, म्हणून पुढच्या शास्त्रज्ञांच्या हाती पुरावा आला.