हातचं राखणारे साहेब

चाकणच्या एका कारखान्यात एक जुना सेटर होता. मशीनचं सेटिंग करताना तो शिकाऊ पोरांकडे पाठ करून उभा राही. मापांची वही खिशात आणि खिशाला बटण. माणूस वाईट नव्हता. त्याच्या उस्तादानेही त्याला असंच पाठमोरं राहून वाढवलं होतं. गुपित दुसऱ्याला कळलं की आपली किंमत गेली, ही भीती त्याला वारशाने मिळाली होती.

तीच भीती आज हिंजवडीच्या काचेच्या इमारतींत मॅनेजर होऊन बसली आहे. नवं पोरगं अडलं की साहेब त्याच्या हातून काम काढून घेतो, रात्री जागून स्वतः उरकतो आणि अप्रेझलमध्ये लिहितो, ‘अजून तयार नाही’. त्याला तयार करायचं काम कोणाचं होतं, हे त्या फॉर्मवर कोणी विचारत नाही.

मग कंपनी कोचिंग कल्चर आणायचं ठरवते. लोणावळ्याच्या रिसॉर्टवर दोन दिवसांचं शिबिर होतं आणि सोमवारी साहेबासमोर पुन्हा टार्गेटचा तक्ता येतो. किती माणसं घडवली याला बढतीत एक गुणही नसेल, तर साहेब का शिकवेल? गूगलने 2009 च्या सुमारास आपल्याच मॅनेजरांचा अभ्यास केला. चांगल्या मॅनेजरच्या आठ गुणांत पहिला निघाला उत्तम कोच असण्याचा; तांत्रिक कौशल्य आठवं. तेही इंजिनिअरांच्या कंपनीत! मायक्रोसॉफ्टने 2013 मध्ये माणसांना एकमेकांविरुद्ध क्रमवारीत बसवण्याची पद्धत मोडली. अशी क्रमवारी असते तिथे शेजाऱ्याला शिकवणं म्हणजे स्वतःचा नंबर खाली ढकलणं. आपल्याकडचे असेच क्रम लावणारे बेल कर्व्ह कोण मोडणार?

पण कंपन्यांवर बोट ठेवून आपली सुटका नाही. विद्या कुलपात ठेवायला आपण नोकरीत शिकलो नाही. शूद्रातिशूद्रांना आणि बायकांना या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून लांब ठेवलं. 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकलं गेलं. न शिकवताच ज्याने एकलव्याचा अंगठा मागितला, त्या द्रोणाचार्यांच्या नावाने 1985 पासून सरकार क्रीडा प्रशिक्षकांचा गौरव करतं, आणि त्यात आपल्याला काही खटकत नाही. घरात पोराने ‘का?’ विचारलं तर आपण ‘उलट बोलतोस?’ म्हणून गप्प करतो. वर्गातही तेच. ज्याला जन्मात कोणी ‘तुला काय वाटतं?’ असं विचारलं नाही, तो चाळिसाव्या वर्षी खुर्चीत बसल्यावर दुसऱ्याला ते कुठून विचारणार?

म्हणून हाताखाली माणसं असलेल्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे. उद्या तुमच्याकडचं कोणी अडलं, तर त्याच्या हातून काम काढून घेऊ नका. शेजारी खुर्ची ओढून बसा, कुठे अडलं ते विचारा, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबा.